ऑफ-सीझनला कोकण किनारा – जावं का, कधी, आणि नेमकं कशासाठी?

रिकामटेकडी
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आणि ख्रिसमसच्या सुट्टीत किनाऱ्यावर जी जत्रा असते ती बघून डोकं उठतं. उंट, घोडे, चारचाकी बग्ग्या, भोंग्यावर गाणी, आणि पार्किंगसाठी भांडणं. म्हणून या वर्षी ठरवलंय की कोकणात जायचं ते ऑफ-सीझनलाच. आम्ही चौघं, मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७४, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त). पुण्याहून निघणार, गाडी आहे. जुलै की ऑगस्ट की सप्टेंबर, काहीच ठरलेलं नाही. किनाऱ्यालगतचं गाव हवं, घरगुती राहणं-जेवण हवं, तीन-चार दिवस निवांत. पावसात समुद्राची मजा येते का? काय बंद असतं, काय चालू? मासे मिळतात का? (हा प्रश्न नवऱ्याचा.) अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

घाटावरचा
जा की बिनधास्त! विचार काय करताय. पावसाळ्यातलं कोकण म्हणजे स्वर्ग, रूम अर्ध्या भावात, फोन करून घासाघीस केली तर अजून कमी होतात, अख्खा बीच तुमचा एकट्याचा, एवढ्या मोठ्या लाटा, वर भजी आणि चहा. मी तर दरवर्षी जुलैतच जातो.

तिरफळ
घाटावरचा, अहो जरा दमानं :)
रिकामटेकडी, मी मालवणकडची, घरी दोन खोल्या पाहुण्यांना देतो म्हणून सांगते. आधी काय बंद असतं ते ऐका म्हणजे मग चिडचिड होणार नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. स्कूबा, स्नॉर्केलिंग, पॅरासेलिंग, बनाना राइड सगळं बंद. तिकडे राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्याही बंद. मुंबईवाल्यांसाठी गेटवे-मांडवा लाँच बंद, फक्त भाऊच्या धक्क्यावरनं रो-रो असते, तीही हवा बिघडली की रद्द. १ सप्टेंबरला कागदावर सगळं सुरू होतं, पण प्रत्यक्षात समुद्र कधी शांत होतो त्यावर.

दरवर्षी कुणीतरी जुलैत मालवणात येऊन जेटीवर उभं राहतं आणि आम्हालाच विचारतं की किल्ल्यावर होडी का नाही, आम्ही एवढ्या लांबून आलो. तुम्ही लांबून आलात हे समुद्राला कोण सांगणार?

किनाऱ्यावरची निम्मी खानावळं-स्टॉल झाकलेले असतात. होड्या वर ओढून त्यांच्यावर झावळ्या नाहीतर ताडपत्री टाकलेली असते. लाइट जाते, कधी संध्याकाळी जाते ती दुसऱ्या दिवशी येते, वाऱ्याने माड तारांवर पडला की महावितरणचा माणूस तरी काय करणार. मोबाइलला रेंज येते-जाते. हे सगळं चालणार असेल तर जरूर या, मला स्वतःला माझं गाव पावसातच आवडतं.

खाडीपलीकडे
तिरफळला +१. आणि घाटावरचा यांच्या "अख्खा बीच तुमचा" या वाक्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते आणि ती नेहमी बाहेरून आलेल्या पाच-सहा मित्रांचीच असते.

आम्ही रायगडातले कोळी, घरच्या बोटी आहेत. ज्या किनाऱ्यावर तुम्ही डिसेंबरात पोहलात तो किनारा जुलैत तिथे नसतोच, हे लोकांना पटत नाही. पावसाळी लाटा वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे बांध तयार होतात. हिवाळ्यात लाटा नरमल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. म्हणजे पावसाळ्यात किनारा अरुंद होतो, मध्येच खड्डे पडतात, दोन पावलांपूर्वी गुडघाभर असलेलं पाणी एकदम छातीला लागतं. त्यात लाटांनी आत ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि त्या बांधात जिथे तोंड सापडेल तिथून जोरात बाहेर पळतं. आता गंमत बघा, जिथून ते बाहेर जातं तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला ती जागा सगळ्यात शांत वाटते आणि माणूस बरोब्बर तिथेच उतरतो. चांगला पोहणारासुद्धा किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहतो, दमतो, आणि जातो. सापडलातच तर ओढीशी भांडायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, तरंगायचं, हात वर करून ओरडायचं. आणि बाहेरच्याने आत उडी टाकायची नाही, दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, काय तरंगेल ते फेकायचं. एकाला वाचवायला गेलेले दोघं जातात, हेच होतं दरवेळी.

म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे, जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बघायचा, त्यात जायचं नाही. ज्यांचा जन्म पाण्यात गेला ते नाखवेसुद्धा तेव्हा बोट वर ओढून घरी जाळी विणत बसतात, मग पुण्या-मुंबईच्या माणसाला एवढी कसली घाई असते कळत नाही.

घाटावरचा
अहो मी पोहायला जा असं कुठे म्हटलं, पाय भिजवायला काय हरकत आहे? एवढं घाबरवू नका त्यांना.

खाडीपलीकडे
पाय भिजवतानाच जातात, घाटावरचा. पाठ समुद्राकडे आणि तोंड मोबाइलकडे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर काय होतं माहितीय ना? पायऱ्या उतरून खडकांवर जायचं, खडक शेवाळलेला, दहा लाटा छोट्या येतात आणि अकरावी डोक्यावरनं जाते. भरतीला आणि पावसाळ्यात तिथे उतरायचंच नाही. कलेक्टर बंदीचा आदेश काढतात तो उगाच कुणाची मजा घालवायला नाही.

आणि गाडी वाळूत घालू नका, तेही सांगून ठेवतो. रिळासाठी गाडी पाण्याच्या कडेने पळवायची, चाक रुतलं की गावातल्या पोरांना हाका मारायच्या, भरती चढतेय, ट्रॅक्टर येईस्तोवर सीटपर्यंत पाणी. इन्शुरन्सवाला पण हसतो.

लाल_डबा
गाडी रुतलेली बघायला मात्र अख्खा गाव जमतो, तेवढीच पावसाळ्यातली करमणूक :D

रिकामटेकडी
बापरे. पाण्यात नाही जाणार हे पक्कं. पण मग भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार? ॲप असतं का? सासूबाई म्हणतायत की त्यांचे वडील पंचांग बघून सांगायचे.

फणसाचा_गरा
सासूबाई बरोबर सांगतायत. सोपा हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, सगळं गणित त्यावरच आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, गावागणिक फरक पडतो, त्यामुळे खडकावर किंवा पुळणीवर (म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर) जायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक बघाच किंवा घरमालकाला विचारा, पण दिवस ठरवायला हा हिशोब पुरतो.

अजून एक. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. आपल्याला लाटांचा थरार लांबून बघायचाय तर उधाणाचे दिवस पकडा, सासूबाईंना घेऊन ओल्या वाळूवर निवांत चालायचंय तर भांगाचे दिवस धरा.

नुसती_मीच
हे पाऊणपटीचं मी पहिल्यांदाच ऐकलं, लगेच कालनिर्णय काढून मुंबईच्या भरतीशी पडताळून बघितलं, जवळपास जमतंय की! धन्यवाद.

लाटांचा थरार म्हणत असाल तर गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे. खडकात अरुंद उभी चीर आहे, भरतीच्या वेळी लाट आत घुसते आणि पुढे जायला जागा नाही म्हणून सरळ वर उसळते, पावसाळ्यात तर आवाजच आधी ऐकू येतो आणि मग पाणी दिसतं. पण लांबून. खरंच लांबून. खडक ओला दिसतोय म्हणजे तिथवर पाणी येऊन गेलंय एवढं लक्षात ठेवायचं. वाटेत दशभुज गणेशाचं देऊळ आहे, तिथे सासूबाईंना बसता येईल.

सुकट_बोंबील
आता महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ, म्हणजे नवऱ्याच्या :)

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला, दोन्ही कारणं. बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांना बंदी नाही पण त्या जाऊन जाणार किती लांब. त्यामुळे जुलैत कुणी तुम्हाला "ताजा पापलेट, आत्ताच बोट लागली" म्हणून वाढत असेल तर त्याला विचारा, कुठली बोट? तो एकतर बर्फातला असतो नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने आलेला, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, आपली चालू असताना त्यांची संपलेली. खायला वाईट नसतो, पण ताज्याचे पैसे का द्या?

मग खायचं काय? खाडीचं खायचं! चिंबोऱ्या, खाडीतली कोळंबी, कधी नशिबाने शेंगटी, आणि पहिल्या पावसात ओढ्या-शेतातून वर चढणारे चढणीचे मासे, (त्यांच्याबद्दल मात्र माझं मत असं की पोटात अंडी असतात, सोडून द्यावेत, पण गावात कोण ऐकतं). आणि सुकं! सोडे घातलेली खिचडी, सुकटीची चटणी, भाजलेला सुका बांगडा, बाहेर धो धो पाऊस आणि ताटात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा, याच्यापुढे तुमचा सुरमई फ्राय फिका आहे. नवऱ्याला सांगा, घरमालकिणीला फोनवरच विचारायचं "तुमच्या घरी सध्या काय शिजतंय?" आणि तेच मागायचं.

नुसती_मीच
आम्ही शाकाहारी लोक पण जगतो हो पावसाळ्यात, उलट आमचीच चैन. टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू, फागलं, अळूचं फतफतं. मेच्या शेवटापर्यंत हॉटेलात पनीर मागणारे पाहुणे असतात म्हणून हे काही करत नाहीत, पावसात घरच्यासारखं करतात.

सुकट_बोंबील
फतफतं मान्य, भाकरीबरोबर. पण शेजारी सुकटीची वाटी पाहिजेच.

रिकामटेकडी
हाहा, नवऱ्याला वाचून दाखवलं, जवळ्यावर खूश आहे. आता रस्त्यांचं सांगा. पुण्याहून कुठल्या घाटाने उतरावं?

लाल_डबा
कुठे जाताय त्यावर आहे. गुहागर-चिपळूणकडे जायचं तर सातारा-पाटण-कोयना करत कुंभार्ली घाट. रत्नागिरीला कोल्हापूरमार्गे आंबा घाट. दापोली-श्रीवर्धनला ताम्हिणी उतरून माणगाव. नकाशावर भोर-महाड वरंध घाट जवळचा दिसेल, पण पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद ठेवतात, दरडी पडतात, रस्ता खचतो, मॅप दाखवतोय म्हणून घुसू नका. ताम्हिणीतही दर वीकेंडला धबधब्याखाली नाचणाऱ्यांच्या गाड्या अशा लावलेल्या असतात की रुग्णवाहिका अडकेल, त्यामुळे शनिवार-रविवार उतरूच नका, मंगळवारी निघा. आणि कुठलाही घाट असो, दुपारी तीनच्या आत खाली उतरलेलं बरं. धुकं आणि अंधार एकत्र नको.

खाली उतरल्यावर खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत, गाडीसकट चढता येतं. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ. या खाडीत चालतात म्हणून पावसाळ्यातही बहुतेक चालू असतात, पण वारा फार असला की थांबवतात, निघण्याआधी फोन. मुलाला हे प्रचंड आवडेल, दाभोळला बोटीत चढायचं, धोपाव्याला उतरून तिथला चढ चढला की गुहागर जवळच.

खाडीपलीकडे
रेड अलर्ट असेल तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील पण निघायचं नाही, हे यात जोडा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला. जुलैच्या शेवटच्या पंधरवड्याला आम्ही स्थानिकसुद्धा वचकून असतो. हवामान खात्याचा इशारा निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

फणसाचा_गरा
गाडीची कटकटच नको असेल तर रेल्वे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, धो धो पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० वर आणतात. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. तिकीट काढताना तारखेप्रमाणे वेळ परत बघा, एकाच गाडीची वेळ मे महिन्यात आणि जुलैत वेगळी असते. पनवेलहून बसून खिडकीतून कोकण बघणं हीच मुळात अर्धी सहल आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना पण बरं.

घाटावरचा
सगळं ठीक, पण एक सांगा, ऑफ-सीझनला रेट कितपत पाडून मागावा? मी तर निम्म्याच्या खाली आणतो. रूम रिकामीच असते, त्यांना काहीतरी मिळतंय ना.

तिरफळ
या प्रश्नाची वाटच बघत होते.

घाटावरचा, राग मानू नका, पण पावसाळ्यात एक पाहुणा ठेवणं हे आम्हाला मे महिन्यापेक्षा जास्त महागात पडतं. कसं ते सांगते. चादरी वाळत नाहीत. घरात दोऱ्या बांधून, पंखा लावून, चुलीच्या वर टांगून दोन दिवसांनी पण ओलसरच, म्हणून प्रत्येक खोलीमागे जास्तीचे जोड लागतात. खोली बंद राहिली की गादीला कुबट वास धरतो, तुम्ही यायच्या आधी दोन दिवस उघडून, धुरी देऊन ठेवावी लागते. लाइट गेली की इन्व्हर्टर, तो संपला की जनरेटरचं डिझेल. एका कुटुंबासाठी बाजारातून भाजी-मासे आणायला रिक्षा तेवढीच लागते जेवढी चार कुटुंबांना लागते. आणि जुलैत आमची लावणी असते. सकाळी सहाला चिखलात उतरलेली बाई नऊला वर येऊन तुमच्यासाठी घावणे घालते. मदतीला येणारी मुलगीही स्वतःच्या शेतात असते.

स्वस्त असतं, असायलाच पाहिजे, किनारा नाही, किल्ला नाही, मग सीझनचा भाव कोण देणार. आम्ही स्वतःच कमी सांगतो. पण सांगितलेल्यावर परत निम्मं करा म्हणणारा आणि वर "एसी चालू ठेवा हं कपडे वाळायला" म्हणणारा पाहुणा आला की हात जोडावेसे वाटतात. त्यापेक्षा घासाघीस भलत्या गोष्टीची करा. भाव तोच ठेवा आणि वरची समुद्र दिसणारी खोली मागा, एक रात्र जास्त मागा, संध्याकाळी चुलीपाशी बसायला मागा. ते आम्ही आनंदाने देतो, मे महिन्यात इच्छा असून देता येत नाही.

सुकट_बोंबील
टाळ्या.

नुसती_मीच
तिरफळ, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, मी येतेच आता.

घाटावरचा
बरं बाई, चादरींचं डोक्यात आलं नव्हतं कधी. पण एवढं लिहिताय तर आता कधी जायचं तेही सांगा ना, जुलै नको, किनारा नको, मग माणसाने काय करायचं?

फणसाचा_गरा
मी सांगतो. जुलै-ऑगस्टचा नाद सोडा, सरळ अनंत चतुर्दशी होऊ द्या आणि पितृपक्षात या.

कारण बघा. गणपतीत कोकण ऑफ-सीझन नसतंच, वर्षभरातली सगळ्यात मोठी गर्दी तेव्हाच, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, हायवे भरलेला, घरमालकांच्या घरी त्यांचेच वीस पाहुणे, तुम्हाला कोण खोली देणार. पितृपक्षात मात्र आपली माणसं शुभकार्यं टाळतात, सहली टाळतात, शाळाही चालू असतात, सगळं एकदम रिकामं. आणि निसर्गाला पितृपक्षाचं काही सोयरसुतक नाही! पावसाचा जोर उतरलेला, एखादी सर येते आणि लगेच ऊन. शेतं पोटरीला आलेली. ओढे अजून वाहतायत. बोटी समुद्रात गेलेल्या, म्हणजे मासे खरोखरचे ताजे. होड्या सुरू झाल्या असण्याची शक्यता. नवरात्र लागलं की परत हळूहळू लोक येतात आणि मग ऑक्टोबरचा उकाडा.

सगळ्यात भारी म्हणजे सडे. किनाऱ्यालगतची गावं खाली आणि डोक्यावर जांभ्याचा सपाट कातळ, मे महिन्यात काळाठिक्कर, पाय भाजतात, बघायला काही नाही म्हणून पर्यटक वर जातच नाहीत. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तिथे बोटभर मातीत फुलं येतात. सीतेची आसवं म्हणजे छोटी निळी-जांभळी, गेंदाची पांढरी बटणं, कडेला तेरडा. खाली वाकलात तर एका हाताच्या अंतरात चार-पाच प्रकार दिसतात, उभ्याने बघितलं तर नुसता निळा धूर. बूट घालून मध्ये तुडवत जाऊ नका एवढंच.

आणि त्याच सड्यांवर कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं कोरलीयत. पाऊस पडून गेला की कोरलेल्या रेषांत पाणी साचतं आणि आकृती एकदम उठून दिसते. देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन जा, तिथल्या दगडावर सुई भलतीकडेच वळते, सातवीतल्या पोराला सहल वसूल.

रिकामटेकडी
हे तर मनातलं बोललात. पितृपक्षाबद्दल सासूबाईंना विचारायची भीती होती, तर त्या म्हणाल्या "श्राद्धाची तिथी सोडून कधीही चला, तुझे सासरे असते तर तेही आले असते." ठरलं मग! रत्नागिरी मुक्काम धरला तर कसं? पाऊस लागून राहिला तर काय बघायचं? आणि सासूबाईंना किनाऱ्यावर न्यायचंच आहे.

लाल_डबा
रत्नागिरी उत्तम, भर पावसातही दिवस जातो. थिबा पॅलेस आहे, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं होतं तो वाडा, राजा १९१६ मध्ये इथेच गेला. टिळकांचं जन्मस्थान, अस्सल कोकणी घर बघायला मिळतं. सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय, देवमाशाचा सांगाडा आहे, मुलगा हलणार नाही तिथनं. सावरकरांच्या काळातलं १९३१ चं पतितपावन मंदिर. ऊन पडलं की आरे-वारेच्या रस्त्याने जा, वरच्या वळणावर गाडी बाजूला लावून दोन्ही पुळणी दिसतात, सासूबाईंना गाडीतून न उतरता समुद्र. रेल्वेने आलात तर रिक्षा दिवसाच्या बोलीवर ठरवा.

खाडीपलीकडे
किनाऱ्यावर नेताना एक गोष्ट. पावसाळ्यात आणि लगेच नंतर वाऱ्याने निळे फुगे वाहून येतात, फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे दिसतात आणि मागे निळी शेपटी असते. मुलं उचलायला जातात. मेलेला दिसला तरी डंख लागतो. लागलंच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे काडीने काढायचे आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय ठेवायचा. श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना.

आणि सड्यावर फिरताना फुरसं, विषारी साप. छोटं असतं, दगडाच्या रंगाचं, जागचं हलत नाही. पायात बूट, हातात काठी, दगड उचलून बघायचे नाहीत. चावलंच तर मांत्रिक-बिंत्रिक नाही, माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात, तिथे लस असते.

नुसती_मीच
खाडीपलीकडे, तुम्ही आमची सहल चालू व्हायच्या आधीच संपवणार :) पण बरं झालं लिहिलंत.

सामानाचं मी सांगते. जीन्स नको, चार दिवस वाळत नाही. पटकन सुकणारे कपडे, दोन जोड चपला (रबरी, पण तळ घासलेली नको, शेवाळावर सरळ आडवे होता), टॉर्च, पॉवर बँक, ओडोमॉस, सासूबाईंची औषधं चार दिवस जास्तीची. रोख पैसे ठेवा, लाइट आणि रेंज दोन्ही गेली की क्यूआर कोड नुसता बघायचा. छत्रीपेक्षा रेनकोट, वाऱ्यात छत्री उलटी होते.

तिरफळ
खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा. तळमजला आहे का, संडास आतच आहे ना आणि कमोड आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. कोकणातल्या घराला पाखाडी असते, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, फोटोत सुंदर दिसते आणि पावसात शेवाळून साबणासारखी होते. गुडघेवाल्या माणसाला सामानासकट ती उतरवणं म्हणजे दिव्य. आम्ही भुसा-राख टाकतो, तरी नकोच. आणि घरात कुणाचं श्राद्ध त्या दिवसांत आहे का तेही विचारून घ्या, असेल तर त्या दिवशी त्यांना तुमचं मासळीचं जेवण करता येणार नाही, नवऱ्याचा हिरमोड व्हायला नको.

मालवणात आलात तर या घरी. आमच्याकडे म्हणतत तसा, समुद्र काय खंय पळान जाणा नाय, सवडीन येवा.

रिकामटेकडी
तिरफळ, श्राद्धाचं लक्षातच आलं नसतं! दोन फोन केले आत्ताच. एकीकडे पहिल्या मजल्याची खोली होती ती सोडली. दुसरीकडच्या काकूंना विचारलं "सध्या काय शिजतंय", तर त्या म्हणाल्या "आज मुळ्याची भाजी, तुम्ही याल तोवर बांगडे." तळमजला, गाडी दारात. घासाघीस केली नाही, एक रात्र वाढवून घेतली :) सप्तमी ते दशमी जातोय, फणसाचा_गरा यांच्या हिशोबाने भांगाचे दिवस येतात ना ते?

फणसाचा_गरा
बरोबर. सप्तमीला सव्वापाचच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी अकरा-साडेअकराला ओहोटी, तेव्हा सासूबाईंना पुळणीवर न्या. दशमीपर्यंत ती दीड-पावणेदोनवर जाईल, ऊन वाढतं, शेवटच्या दिवशी टोपी लागेल.

घाटावरचा
आणि मी जुलैत हेदवीला चाललोय, आधीच सांगून ठेवतो. लांबून बघणार, खाडीपलीकडे, लांबून. काठी घेऊन ओरडू नका.

खाडीपलीकडे
कुठल्या तिथीला जाताय तेवढं टाका इथे, भरतीची वेळ मी सांगतो. आणि मंगळवारी जा.